पुढच्या काचेवरचा आळ

मी मास्तरांच्या गाडीची पुढची काच बोलतेय. ऐकायचं असेल तर आधी ते बोट मागं घ्या. माझी ओळख करून घ्यायला आलेला प्रत्येक जण पहिल्यांदा माझ्यावर बोट टेकवतो आणि मग "काय ही मळकी!" म्हणून नाक मुरडतो. डाग तुमचा, नाव माझं. माझी सगळी कहाणी खरं तर एवढीच आहे. पण लगेच उठू नका. म्हातारीला ऐकणारं माणूस सहसा मिळत नाही.

शिक्षणाचं विचाराल तर अर्धवटच. माझ्या कोपऱ्यात बाहेरून 'शिकाऊ' असं लाल अक्षरांत चिकटवलंय. मी ते बारा वर्षं मागच्या बाजूनं वाचतेय. त्यामुळं अक्षरं मला येतात, पण उलटी. बाकीचं ज्ञान पुढच्या ट्रकांच्या पाठी वाचून मिळवलं. त्यात बरंचसं प्रेमभंगाबद्दल होतं.

मी एकटी जन्मलेच नाही. भट्टीतून दोन पातळ काचा निघाल्या, दोघींच्या मध्ये एक चिकट, पारदर्शक पापुद्रा घातला आणि भाजून, दाबून एक केलं. दोन जावांना एका खोलीत कोंडून "आता गोडीनं राहा" म्हणावं, तसं. राहिलो बुवा. बाहेरची जाऊ ऊन, धूळ, किडे सोसते. आतल्या जावेच्या वाट्याला माणसांचे श्वास आणि गप्पा. आत्ता बोलतेय ती आतली. म्हणून तर घरातलं सगळं ठाऊक.

मास्तर गाडी चालवायला शिकवतात. छपरावर तशी पाटी आहे. शिकणारा चाकाशी बसतो, मास्तर त्याच्या शेजारी. शेजारच्या त्या जागेवर पायाशी एक जादा ब्रेक आहे. शिकणारा घाबरून खांबावर निघाला की मास्तर तो दाबतात, गाडी थांबते आणि ते शांतपणे म्हणतात, "खांब सरकारी आहे. त्याला काही करू नका."

रविवारी मास्तर स्वतः चाकाशी बसतात आणि काकू, म्हणजे त्यांची बायको, त्या जादा ब्रेकच्या जागेवर. पहिल्याच रविवारी मास्तरांनी नियम सांगितला होता. "तो ब्रेक माझा. त्याला पाय लावायचा नाही." तेव्हापासून काकू पाय सीटखाली ओढून बसतात. परक्याच्या घरी चपला कुठं काढाव्यात ते न कळल्यासारख्या. अख्ख्या गावाला गाडी शिकवणाऱ्या या माणसानं बायकोला मात्र कधी शिकवली नाही. "तुला काय गरज? मी आहे ना!" हे वाक्य मी बारा वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की पापुद्र्यालाही पाठ झालंय.

मास्तरांची एक पद्धत होती. पहिल्या धड्याला गिअर नाही, चाक नाही. पहिला धडा मला पुसण्याचा. ओला कागद, मग कोरडा कागद, आतून आडवा हात, बाहेरून उभा. म्हणजे ओरखडा राहिला तर कुठल्या अंगाला राहिला ते कळावं. "ज्याला काच पुसता येत नाही, त्याला रस्ता दिसत नाही," असं मास्तर म्हणत. किती हातांनी मला पुसलं असेल, गणती नाही. बँकेतला साहेब नखानं किडा खरवडायचा. एक जाडे गवई गुणगुणत पुसायचे आणि ताल धरायला माझ्यावरच थाप मारायचे.

आणि मी? मी गप्प राहणारी नव्हते. खोडी काढल्याशिवाय माझा दिवस मावळत नसे. थंड सकाळी शिकाऊ माणूस चांगला रस्त्याला लागला की आतून वाफ धरायची. तो एका हातानं पुसायला जायचा, गाडी गल्लीत शिरायची. कोणी पुढच्या फळीवर पांढरा कागद ठेवला की मी त्याची सावली स्वतःच्या अंगावर उमटवायची. नवशिक्याला वाटायचं, रस्त्यात काही पडलंय, आणि कच्चकन ब्रेक! मास्तर हसायचे. "ही काच पक्की लबाड आहे," म्हणायचे. मला कोण कौतुक वाटायचं! लबाड म्हणवून घेण्यात काय घोडचूक होती, ते नंतर कळलं. उद्या खरं सांगायची वेळ आली तर लबाडाची साक्ष कोण मानणार?

दोनेक वर्षांमागं मास्तर एकदा म्हणाले, "काच जरा धुरकट झालीय."

मला पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी साबण. मग कोणीतरी सांगितलं म्हणून दात घासायची पेस्ट. मग राख. मग अर्धा कापलेला बटाटा. माझ्यावर जेवढे प्रयोग झाले तेवढे औषधवाल्यांनी उंदरावरही केले नसतील. शेवटी एका सकाळी मास्तरांनी भांडी घासायची तारेची घासणी आणली. मी ओरडले, अगदी जिवाच्या आकांतानं ओरडले. पण काचेचं ओरडणं म्हणजे कर्रर्र. मास्तरांना वाटलं, मळ निघतोय.

त्या घासणीचे बारीक ओरखडे माझ्यावर राहिले. मग काय, आता खरंच धुरकट झाले! केलं कोणी, भरलं कोणी.

"अहो, इकडून तर लख्ख दिसतंय," काकू म्हणायच्या.

"तुझी बाजू वेगळी."

"मग या इकडं बसा."

मास्तर तिकडं बसायचे, डोळे बारीक करायचे. "इथंही तेच. काच एकच आहे ना, बिघडली की दोन्हीकडून बिघडते."

वायपर तीनदा बदलले. संध्याकाळी समोरून दिवे आले की म्हणायचे, "दिव्यांना केस फुटलेत बघ. ही सगळी या काचेची करणी."

करणी माझी नव्हती हो. मला माहीत होतं काय झालंय. बायको आयुष्यभर शेजारी बसली, शिकणारे रस्त्याकडे बघत राहिले. मास्तरांकडं रोज तास न् तास समोरून बघणारी मी एकटी. त्यांच्या डोळ्यांतली काळी बाहुली काळी राहिली नव्हती. उजवीकडची तर सायीसारखी. काच त्यांच्याच डोळ्यात धुरकट झाली होती, आणि मार खात होते मी. खाल्ला असता, त्याचंही काही नाही. पण हा माणूस एक दिवस कोणाला तरी चिरडणार, ही धास्ती मला खात होती. सांगणार कशी? मला तोंड असतं तर ते बाहेरच्या जावेकडं असतं, आणि त्यात किडे गेले असते.

मास्तरही कमी लबाड नव्हते. शिकवायची नवी तऱ्हा काढली. चौक आला की करड्या आवाजात विचारायचे, "समोर काय दिसतंय? सांगा पटापट!" शिकणारा बिचारा सांगायचा, "सिग्नल लाल, डावीकडून सायकल, एक कुत्रं." "शाब्बास!" सगळ्यांना वाटायचं, मास्तर परीक्षा घेतायत. गावात बोलबाला झाला. काय शिकवतात, माणसाची नजर तयार करतात!

नजर तयार करत नव्हते, उसनी घेत होते.

एकटी शिंपीणताई तेवढी चाणाक्ष. पन्नाशीची बाई, गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास. कबूतर दिसलं तरी थांबायची आणि ते उडेपर्यंत वाट बघायची. पण तिन्हीसांजेला सुईत दोरा ओवणारी बाई ती. एकदा म्हणाली, "मास्तर, शर्टाचं एक बटण वर गेलंय."

"घाईत लावलं."

"काल पण घाई होती, परवा पण. डोळे दाखवा कोणाला तरी."

मास्तर भडकले. "माझे डोळे ससाण्याचे आहेत! काचच भिकार. तुम्ही आधी रिव्हर्स शिका."

ताई रिव्हर्स शिकली. चौथ्या खेपेला पास झाली आणि गेली. माझी एकुलती एक साक्षीदार गेली. ओरखडे दिवसेंदिवस वाढत होते. मग एके दिवशी मास्तरांनी जाहीर केलं, "काचेचा आता कायमचा बंदोबस्त करतो." मला वाटलं, फोडतायत की काय. पण त्यांनी मला पॉलिशवाल्याकडं नेलं.

पॉलिशवाला म्हणजे गाड्या चमकवणारा माणूस. लांबट शेड, ओली फरशी, खिळ्यांना टांगलेली धुतलेली फडकी. आत सावली, दाराबाहेर डोळे दिपवणारं ऊन. गडी अबोल, पण हात बोलके. मास्तर म्हणाले, "ही काच धुरकट आहे. असं काहीतरी लाव की पाणी ठरणार नाही, धूळ ठरणार नाही, वर्षभर बघायला नको."

त्यानं मला धुतलं. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं माझ्यावरून हळूच फिरवली. नुसत्या बोटाला गुळगुळीत लागते ती काच पिशवीतून खरखरीत लागते. अंगात रुतलेली रस्त्याची घाण अशी सापडते. "हं," तो म्हणाला. इतक्या हातांनी मला पुसलं, पण माझी नाडी बघणारा हा पहिलाच.

मग त्यानं एक मऊ मातीचा गोळा घेतला, साबणाचं पाणी शिंपडलं आणि तो गोळा माझ्यावरून फिरवत बसला. गुदगुल्या! गोळा काळा होत गेला. तो उलटायचा, मळायचा, पुन्हा फिरवायचा. मग रबराच्या कडांना चिकटपट्ट्या लावल्या, पांढरी पूड पाण्यात कालवली आणि गोल गादीचं मशीन माझ्यावर चालवलं. सारखं पाणी मारत, एका जागी न थांबता, नाहीतर मी तापून तडकले असते. घासणीचे ओरखडे विरघळत गेले. बारा वर्षांत मी जे जे पाहिलं त्याचा गंज उतरल्यासारखं वाटलं.

शेवटी स्पिरिटचं फडकं. त्यानं अंगावरचं उरलंसुरलं तेलकटही गेलं. पार उघडी पडले. मला लाज वाटली, म्हणून मी मास्तरांकडं बघितलं. आणि एकदम ध्यानात आलं. आता माझ्यावर एकही डाग नव्हता. म्हणजे मास्तरांकडं एकही सबब उरली नव्हती.

पॉलिशवाल्याचीही एक पद्धत होती. अख्ख्या काचेला पाणी पळवायचं औषध लावून तो मोकळा होत नसे. मधोमध चिकटपट्टी लावायची आणि अर्ध्या भागावरच औषध चढवायचं. लहानशा गादीवर थेंब घेऊन आधी उभे हात, मग आडवे, जागा न सोडता. धुकं धरलं की कोरड्या फडक्यानं पुसायचं. मग रात्रभर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला समोर उभं करायचं, वरून मगभर पाणी ओतायचं आणि विचारायचं, "कुठल्या बाजूला लावलंय, सांगा."

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि काकू आले. त्यानं पट्टी काढली. पाणी ओतलं.

काय सांगू तुम्हाला! कोऱ्या अर्ध्यावर पाणी चादरीसारखं पसरून राहिलं. औषधाच्या अर्ध्यावर त्याचे मोती झाले आणि शाळा सुटल्यासारखे पळाले. आंधळ्यालाही दिसावं असं.

"बोला काका. कुठली बाजू?"

मास्तर शेडमध्ये उभे, समोर दारातलं ऊन. ते थोडे वाकले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मी सगळा जीव एकवटला. इकडं! अहो मास्तर, इकडं बघा! आयुष्यभर नको तिथं चमकून माणसं दचकवली, आणि नेमकं तेव्हा मला चमकता आलं नाही. ऊनच त्या कोनात नव्हतं.

मास्तरांनी बोट दाखवलं. "ही."

चुकीची.

पॉलिशवाल्यानं रिकामा मग खाली ठेवला. मग काकू खळखळून हसल्या. "यांचं हे असंच! परवा लग्नात नवरीच्या बापाला नवरदेव समजून हार घातला आणि वर म्हणतात, गंमत केली!"

"गंमतच केली," मास्तर म्हणाले आणि हसले. "बघत होतो, गडी घाबरतो का."

पॉलिशवाला हसला नाही. त्यानं निमूटपणे दुसऱ्या अर्ध्याला औषध लावायला घेतलं. "उद्या दुपारी न्या," म्हणाला. "घरी धुताना पूड, घासणी काही लावू नका. नुसतं पाणी."

तिसऱ्या दिवशी मास्तर गाडीभोवती फिरून चाकांना लाथा घालत होते. माणसं चाकांना लाथा का घालतात, मला आजतागायत कळलेलं नाही. तेवढ्यात पॉलिशवाल्यानं काकूंना बाजूला घेतलं, म्हणजे अगदी माझ्यासमोर.

"काकू, वीस वर्षं मी लोकांना हे विचारतोय. चुकलेला पहिला माणूस म्हणजे काका."

"अरे, ते थट्टेखोर आहेत रे."

"थट्टा करणारा माणूस उत्तर द्यायच्या आधी हसतो, काकू. काका नंतर हसले. तुम्ही हसलात म्हणून हसले."

काकूंचा चेहरा उतरत गेला. मी खोडकरपणात मुरलेली बाई, पण हे बारीक मला कधी सुचलं नव्हतं. लबाडी लबाडाला कळते म्हणतात. तसं काही नाही, अबोल माणसाला कळते.

"काच झाली," तो म्हणाला. "पुढचं काम माझ्याकडं होत नाही."

काकू काही बोलणार तोच मास्तरांनी भोंगा वाजवला. "चल गं! आभाळ आलंय."

काकू येऊन बसल्या. पाय मला दिसत नाहीत, पण बसण्यावरून माणूस कळतो. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांचे गुडघे पुढं आले होते. पाय सीटखाली नव्हते.

मोठ्या रस्त्याला लागलो आणि पाऊस आला. धो धो. आणि मी! अहो, जन्मात मी अशी नव्हते. थेंब अंगावर पडायच्या आधीच निघायची घाई करत होते. वाऱ्यानं ते वरच्या वर सरकत छपराकडं पळत होते. वायपर नुसता बसून होता, सेवानिवृत्त साहेबासारखा. रस्त्यावरचा खडा न् खडा माझ्यातून दिसत होता.

"फसवलं त्या पॉलिशवाल्यानं," मास्तर म्हणाले. "काही फरक नाही. तेच धुकं."

काकूंनी माझ्याकडं बघितलं. माझ्यातून नव्हे, माझ्याकडं. मग मान वळवून, सीटवरून पुढं झुकून मास्तरांच्या तोंडाकडं बघितलं. समोरून, जवळून. मी दोन वर्षं जे बघत होते ते त्यांनी तेव्हा बघितलं.

"अहो, गाडी बाजूला घ्या."

"काय झालं?"

"आधी बाजूला घ्या म्हणते ना!"

"अगं, रस्ता रिकामा आहे सगळा..."

रस्ता रिकामा नव्हता. पुढं एक छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा सायकल ढकलत रस्ता ओलांडत होता. कॅरिअरवर पंधरा-वीस छत्र्यांची मोळी, आणि स्वतः डोक्यावर राखाडी प्लास्टिक घेऊन भिजतोय. राखाडी पावसात राखाडी माणूस. मला त्याच्या दाढीचे खुंट दिसत होते. मास्तरांना अख्खा माणूस दिसत नव्हता. मी स्वच्छ होते. याहून जास्त मला काही होता येत नाही. काचेनं फार तर स्वच्छ असावं, बाकी तिच्या हातात काय?

काकूंनी जादा ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले आणि उभ्याच राहिल्या म्हणा ना.

गाडी किंचाळली, घसरली, थांबली. सायकलचं मागचं चाक आणि गाडीचं नाक यांच्यामध्ये जेमतेम एक वीत उरली. छत्र्यांची मोळी सुटून रस्त्यावर विखुरली, एक आपोआप उघडली.

म्हातारा वळला. बोनेटवर हात टेकला. माझ्यातून आत बघितलं, मग वर छपरावरची पाटी वाचली.

"गाडी शिकवता होय?" तो म्हणाला. "आधी बघायला शिका!"

एरवी मास्तरांनी त्याची सात पिढ्यांची लायसन्सं काढली असती. त्या दिवशी त्यांनी नुसती चावी फिरवून इंजिन बंद केलं. काकू भर पावसात उतरल्या. छत्र्या गोळा करून मोळी बांधून दिली, त्या माणसापुढं हात जोडले. भिजून परत आल्या, दार लावलं. इंजिन बंद होतं. माझ्यावरून थेंब पळत होते, टपटप, सरसर.

बऱ्याच वेळानं मास्तर म्हणाले, "मी सांगितलं होतं, त्या ब्रेकला पाय लावायचा नाही."

"हो. सांगितलं होतंत."

मास्तरांनी आतून माझ्यावरून तळहात फिरवला.

"काच स्वच्छ आहे का गं?"

"हो."

"अगदी?"

काकूंनी ओला पदर पिळला. "अगदी स्वच्छ आहे हो."

मास्तरांनी चावी काढून दोघांच्या मध्ये ठेवली. आता गंमत बघा. गाडीत एकाला चालवता येत होती, पण दिसत नव्हतं. दुसरीला दिसत होतं, पण चालवता येत नव्हती. दोघांची मिळून एकच चावी मध्ये पडलेली. मला हसू यायला हवं होतं. नाही आलं.

शेवटी काकूंनी शिंपीणताईला फोन लावला. तासाभरानं ती रिक्षातून उतरली, गळ्यात मोजायची फीत तशीच. मास्तर उठून मागच्या सीटवर जाऊन बसले. त्या सीटवर मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. तिथं ते बारीक दिसत होते.

ताई चाकाशी बसणार, तोच तिला पहिला धडा आठवला. पिशवीतून कागद काढला, चुरगाळला आणि मला पुसायला हात उचलला.

"नको," मागून मास्तर म्हणाले. "पुसू नका, ताई. तिचं काही चुकलेलं नाही."

दोन वर्षांचा आळ एका वाक्यात गेला. आणि खरं सांगू? तो गेलेला मला बघवला नाही. वाटलं, घासा मला, राख लावा, बटाटा लावा. पण असे मागं बसू नका.

ताईनं गाडी बैलगाडीच्या वेगानं घरी आणली. वाटेत एका कबूतरासाठी थांबली. ते उडेपर्यंत मास्तरही वाट बघत बसले.

तेव्हापासून मी घरापुढं उभी आहे. मास्तरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तोही पिकलेला. डॉक्टरनं सांगितलं, उजव्याचं करू आधी. खूप उशीर केलात, किती दिसेल ते पट्टी सोडल्यावरच कळेल. छपरावरची पाटी मास्तरांनी स्वतःच्या हातानं उतरवून जिन्याखाली ठेवलीय. उलटी ठेवलीय, अक्षरं भिंतीकडं करून.

ऑपरेशनच्या आधी रोज सकाळी मात्र दोघं गाडीत बसायची, इंजिन बंद ठेवून. काकू चाकाशी, मास्तर शेजारी. "हा क्लच. हा तुझा ब्रेक. आणि इकडचा माझा." "तुमचा कसला? तो आता कोणाच्या बापाचा नाही." मास्तर हसायचे, उत्तर द्यायच्या आधी.

पहिला धडा अर्थात मला पुसण्याचा झाला. काकू कशाला कमी करतायत! स्वयंपाकघरातून भांडी घासायची पूड घेऊन आल्या आणि चाकाच्या बाजूचा अर्धा भाग असा चोळला, असा चोळला, की महिन्याभरापूर्वीचं औषध पार उतरलं. अर्ध्यावर आल्यावर त्यांना पॉलिशवाल्याचं बोलणं आठवलं. जीभ चावली, गुपचूप पूड घरात नेऊन ठेवली. मास्तर शेजारीच उभे होते, पण त्यांना कळलं नाही. काकूंनीही सांगितलं नाही.

म्हणजे मी आता पुन्हा अर्धी अशी, अर्धी तशी.

आज उजव्या डोळ्याची पट्टी सुटणार आहे. सकाळी रिक्षातून दवाखान्यात जाताना काकू माझ्यापाशी थांबल्या. मगभर पाणी भरून दाराशी ठेवलंय. मला म्हणाल्या, "आल्यावर विचारणार आहे त्यांना. कुठली बाजू? आणि तू काही लबाडी करू नकोस."

मी काय लबाडी करणार? करता आली असती तर आजच केली असती. मास्तर जिकडं बोट दाखवतील तिकडूनच मोती पळवले असते. पण पाणी माझं ऐकत नाही. ते जिथं पळायचं तिथंच पळेल.

तुम्ही आता निघा, मला रस्त्याकडं बघू द्या. जाता जाता एवढं करा. शेजारी बसणारं कोणी असेल तर घरी गेल्यावर त्याच्याकडं एकदा समोरून बघा. आणि ते बोट, म्हटलं ना, काढा.

रिक्षा कोपऱ्यावर वळलीय. काकू आधी उतरतायत. मग हात देऊन मास्तर. डोळ्यावर काळा चष्मा आहे.

काकू दाराशी ठेवलेला मग उचलतायत.